संगणकाच्या कवचातील मत्स्यपेटी

जुने यंत्र निकामी झाले तरी त्याचा सांगाडा सहसा वाया जात नाही. शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर फळी ठोकली की मेज होते. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात तुळस लागते. संगणकावर ही पाळी इतर यंत्रांच्या मानाने फार लवकर येते. शिवणयंत्र दोन पिढ्या चालते. संगणक मात्र बिघडलेला नसतानाच कालबाह्य ठरतो, कारण नव्याने लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावली त्याच्या स्मृतीत मावेनाशा होतात. अशा संगणकाचे अंतरंग काढून टाकून त्याच्या कवचात मासे पाळण्याची जी प्रथा गेल्या तीन दशकांत रूढ झाली, ती वरवर पाहता निव्वळ गंमत वाटते. परंतु त्या कवचात मावणाऱ्या दहा लिटर पाण्याला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांचे जे नियम लागू पडतात, तेच मोठ्या तळ्यालाही लागू पडतात. तळ्यात जे बिघडावयास महिना लागतो, ते येथे एका रात्रीत बिघडते, एवढाच काय तो भेद.

प्रथेचा उगम

1984 च्या जानेवारीत अमेरिकेतील ॲपल कंपनीने मॅकिंटॉश नावाचा संगणक विक्रीस आणला. पडदा, विजेची मांडणी व चकती वाचणारा भाग ही सारी एकाच उभट पेटीत बसविलेली होती. ही पेटी सुमारे 34 सें. मी. उंच, 24 सें. मी. रुंद व 28 सें. मी. खोल असून तिचे वजन साडेसात किलोग्रॅम होते. उचलण्यासाठी माथ्यावर हाताची खोबण होती आणि समोर 9 इंच कर्णाचा पडदा होता. त्याच वर्षी या संगणकाची 512 किलोबाइट स्मृतीची आवृत्तीही निघाली. पुढे 1991 मध्ये कंपनीने आपली नवी कार्यप्रणाली प्रसिद्ध केली, तिला किमान दोन मेगाबाइट, म्हणजे चौपट स्मृती लागत असे. सात वर्षांपूर्वी नवलाचे मानले गेलेले यंत्र अशा रीतीने अडगळीत गेले.

अँडी इनाट्को या अमेरिकन संगणकविषयक लेखकाने 1990 च्या दशकाच्या आरंभी अशाच एका 512 किलोबाइटच्या मॅकिंटॉशचे कवच घेऊन त्यात मत्स्यपेटी बसविली, तिला ‘मॅक्वेरियम’ असे नाव दिले आणि कृतीचे सविस्तर टिपण सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिले. यामागे एक विनोद होता, आणि तो समजण्यासाठी त्या काळच्या पडद्यांची एक खोड ठाऊक असावी लागते. पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर काचेच्या आतील प्रकाशमान लेप तेवढ्या जागी झिजत असे आणि चित्राची छाया तेथे कायमची उमटत असे. म्हणून काम थांबताच पडद्यावर काही तरी हलते चित्र दाखविणाऱ्या आज्ञावली निघाल्या. 1989 मध्ये आलेल्या ‘आफ्टर डार्क’ या लोकप्रिय आज्ञावलीत पडद्यावरून रंगीबेरंगी मासे पोहत जात. इनाट्को यांनी चित्रातील माशांच्या जागी खरे मासे आणले. जुन्या यंत्राला पेलेल अशी ती एकमेव सुधारणा होती! पुढे 1998 च्या अर्धपारदर्शक आयमॅकच्या कवचातही लोकांनी मासे पाळले. तथापि आद्य नमुना म्हणून जुन्या उभट मॅकिंटॉशचीच आठवण निघते, आणि पुढील विवेचनही त्याच आकाराला धरून केले आहे.

कवच रिकामे करणे

या कामातील सर्वांत धोक्याचा भाग पाण्याशी नव्हे, तर पडद्याशी निगडित आहे. जुन्या पडद्यामागे काचेची चित्रनलिका असते आणि तिच्या आत जवळजवळ पूर्ण पोकळी असते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. 9 इंची नलिकेच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ 250 चौरस सें. मी. धरले, तर त्यावर अडीच क्विंटल भार सदैव रेटत असतो. नलिकेची निमुळती मान निखळली वा तिला ठेच लागली, तर काच आतल्या बाजूस कोसळते आणि तिचे तुकडे वेगाने सभोवार उडतात. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नलिका स्वतःच एका विद्युत्संग्राहकासारखी वागते आणि हजारो व्होल्ट दाबाचा विद्युत्‌भार वीज बंद केल्यानंतरही तिच्यात बराच वेळ साठून राहतो. यास्तव शाळेतील विद्यार्थ्यांनी कवच स्वतः उघडू नये. दूरदर्शनसंच दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून भार उतरवून नलिका काढून घ्यावी. नलिकेच्या काचेत शिसे असते, म्हणून ती उकिरड्यावर टाकणेही योग्य नाही. भारतात विद्युत्‌कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी 2012 पासून नियम लागू झाले आहेत, आणि असा माल अधिकृत संकलकाकडे सोपवावा लागतो.

मागील कवच काढल्यावर आत एक मनोरम गोष्ट दृष्टीस पडते. मॅकिंटॉश घडविणाऱ्या मंडळींच्या सह्या साच्यातच कोरलेल्या असल्याने त्या मागील भिंतीच्या आतल्या बाजूस उठून दिसतात. काचपेटी बसविल्यावर त्या झाकल्या जातात, म्हणून त्यांचे छायाचित्र आधी घेऊन ठेवणे बरे. येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. चालू स्थितीतील जुना संगणक आज संग्रहालयाची वस्तू आहे. त्याचा बळी देऊन मासे पाळणे हा अविचार होय. ज्याचे अंतरंग खरोखरच जळाले आहे, असेच कवच या कामी घ्यावे.

पाण्याचा भार

कवचातच पाणी भरता येईल काय, असा प्रश्न साहजिकच सुचतो. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. कवचाच्या प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून काही रसायने मिसळलेली असतात, त्याच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि पाण्याचा रेटा त्याला सोसत नाही. म्हणून आत बसेल अशी स्वतंत्र काचपेटी तयार करावी लागते. आतून 20 सें. मी. लांब, तितकीच रुंद व 28 सें. मी. उंच अशी पेटी घेऊन तिच्यात 25 सें. मी. उंचीपर्यंत पाणी भरल्यास ते दहा लिटर होते. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, पसरटपणावर नव्हे. तळाशी तो दर चौरस सेंटिमीटरला 25 ग्रॅम, पृष्ठभागी शून्य, म्हणजे सरासरी साडेबारा ग्रॅम भरतो. एका भिंतीचा 500 चौरस सें. मी. भाग पाण्याखाली असल्याने तिच्यावर सव्वासहा किलोग्रॅमचा रेटा येतो. 5 मि. मी. जाडीची काच तो सहज सोसते. काचा जोडण्यासाठी बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकोन वापरावे. ते वाळताना शिरक्यासारखा उग्र वास येतो. तो पूर्णपणे गेल्यावाचून पाणी भरू नये. आठवडाभर थांबून मग पेटी मोरीत ठेवून भरून पाहावी आणि एक दिवस तशीच राहू द्यावी. गळती तेथे सापडली तर फडक्याने पुसून निभावते.

दहा किलोग्रॅम पाणी, सव्वातीन किलोग्रॅम काच आणि तळाची खडी यांचा एकूण भार मूळ यंत्राच्या दुपटीवर जातो. माथ्यावरील खोबणीत हात घालून यंत्र उचलण्याची सवय असलेल्यांनी भरलेली पेटी मात्र तशी कदापि उचलू नये. ती जेथे ठेवायची तेथे रिकामी ठेवून मगच भरावी.

पडद्याची खिडकी कवचाच्या वरच्या अर्ध्या भागात आहे. पाण्याची पातळी तिच्या वरच्या कडेपेक्षा उंच राहिली पाहिजे, नाही तर खिडकीच्या मधोमध पाण्याची रेघ दिसते आणि सारी मौज जाते. म्हणून काचपेटीखाली चार-पाच सें. मी. उंचीचा लाकडी पाट ठेवतात. खोबणीचा भाग वरून आत उतरलेला असल्याने कोणी काचपेटीला मागे खाच ठेवतात, तर कोणी खोबणच कापून तेथे उघडझाप करणारे झाकण बसवितात. दुसरा मार्ग अधिक सोयीचा, कारण ज्या पेटीत हात जात नाही, ती स्वच्छ राहत नाही. खिडकीखालचा भाग बाहेरून दिसत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. मालकाला ती गैरसोय वाटते. माशाला मात्र लोकांच्या नजरेपासून दूर जाण्यास तेवढाच आडोसा मिळतो. आणखी एक गंमत अशी की, पाण्यातून काचेत व काचेतून हवेत येताना प्रकाशकिरण वाकत असल्यामुळे 20 सें. मी. मागची भिंत 15 सें. मी. वरच असल्याचा भास होतो. पेटी आहे त्याहून उथळ दिसते आणि मासे जणू पडद्यालाच चिकटून पोहतात.

चालू संगणक आणि जिवंत मासा

कवचात संगणकही चालू राहावा आणि मासेही असावेत, असा प्रयत्न अनेकांनी केला आहे. त्यातील अडचण साध्या हिशेबाने कळते. दहा लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियस वाढविण्यास सुमारे 42 किलोजूल उष्णता लागते. 60 वॅटचे यंत्र तासाभरात 216 किलोजूल उष्णता बाहेर टाकते. ती सारी पाण्यात गेली, तर पाणी दर तासाला पाच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत निघून जाते, तरीही दोन्हींचा संसार एका कप्प्यात होणे नाही. ज्यांना हे साधले आहे, त्यांनी मोठ्या कवचाचे दोन भाग करून काचपेटी व यंत्र यांमध्ये भिंत व हवेचा झोत ठेवला आहे. खनिज तेलाने भरलेल्या काचपेटीत सबंध संगणक बुडवून चालविल्याची उदाहरणेही आहेत. तेल विजेचे वाहक नसल्याने यंत्र त्यात चालते. पण तेथे दिसणारे मासे प्लॅस्टिकचे असतात, कारण तेलात कोणताही मासा जगत नाही.

रिकाम्या कवचातही उष्णतेचे भान ठेवावे लागते. प्रकाशासाठी बसविलेला दिवा जुन्या तारेचा असेल तर बंद जागेत पाणी तापते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो: 20 अंशांना दर लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, तर 30 अंशांना साडेसातच. म्हणजे ज्या वेळी माशाचा श्वास जलद होतो, नेमका त्याच वेळी पुरवठा आखडतो. थोड्या वॅटचा, प्रकाश देणारा पण फारसा न तापणारा एलईडी दिवा येथे इष्ट होय.

दृष्टीआड चालणारे काम

काचपात्रात जीव जगविण्याचा शास्त्रीय विचार कवचांच्या पुष्कळ आधी सुरू झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. त्याने एका काचपात्रात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा आणि माशांनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड तिने घ्यावा, अशी ती योजना होती. काही दिवसांनी वनस्पतीची पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला, त्यांची अंडी माशांच्या पोटी गेली आणि पाणी पुन्हा निर्मळ झाले. यावरून मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा समतोल साधला म्हणजे झाले, अशी समजूत दीर्घकाळ टिकली.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक भागीदार राहून गेला होता, आणि तो सूक्ष्मदर्शकावाचून दिसणारा नव्हता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया माशाला विषारी आहे. तळ्यात व काचपेटीत काही जीवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवितात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ अंशी निरुपद्रवी असते आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. हे जीवाणू प्रथम वेगळे करण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांच्या 1890 च्या सुमाराच्या संशोधनाला जाते. गोड्या पाण्याच्या काचपेटीत दुसरी पायरी मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू पार पाडतात, हे तर 1998 मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले.

नव्या पेटीत हे जीवाणू नसतात, आणि कवचातील मत्स्यपेट्यांत मासे मरतात ते बहुतकरून याच कारणाने. सुतारकाम उत्तम साधलेले असते, काच गळत नसते, पाणी स्फटिकासारखे दिसत असते. त्याच दिवशी पाच-सहा मासे सोडले जातात आणि आठवडाभरात ते पृष्ठभागी येऊन तडफडू लागतात. अमोनियाला रंग नाही, आणि घातक प्रमाणातही त्याचा वास येत नाही. त्याचे विषारीपण पाण्याच्या आम्लतेवर ठरते. सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. ज्या गावी पाणी जड व अल्कधर्मी असते, तेथे हीच चूक दहापट महाग पडते.

उपाय एकच आहे, तो म्हणजे थांबणे. पेटीत पाणी, खडी, वनस्पती व स्पंजाची गाळणी बसवून मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकीत जावे. ते कुजून अमोनिया वाढतो, मग तो उतरून नायट्राइट वाढते, शेवटी तेही उतरते. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मिळणाऱ्या परीक्षण-द्रावणाच्या रंगावरून हे चढउतार समजतात. यास सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. शाळेत हे निरीक्षण वहीत दिवसागणिक टिपून आलेख काढावा. मासा येण्यापूर्वीचा हा रिकामा काळच या सबंध उद्योगातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. चालू पेटीतील जुना स्पंज मिळाल्यास काळ पुष्कळ कमी होतो. हे जीवाणू स्पंजाच्या छिद्रांतच राहतात, म्हणून तो नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने कधीही धुऊ नये. पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

कोणता मासा

जुन्या मत्स्यपालकांचा एक ठोकताळा असा आहे की, उष्ण प्रदेशातील गोड्या पाण्याच्या माशास लांबीच्या दर सेंटिमीटरमागे 30 चौरस सें. मी. पृष्ठभाग हवा. त्याप्रमाणे 400 चौरस सें. मी. पृष्ठभागाच्या या पेटीत 13 सें. मी. मासे मावतात. पण हा ठोकताळा प्राणवायूपुरताच आहे. माशाच्या हालचालीस लागणारी जागा त्यात धरलेली नाही. भारतातील ओढ्यानाल्यांत आढळणारा व जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलेला पट्टेदार झेब्रा मासा इवलासा असला तरी सतत धावणारा आहे; 20 सें. मी. वर भिंत आडवी आली की त्याचे हाल होतात. सोनेरी मासा तर या पेटीत मुळीच ठेवू नये. तो वाढून वीतभर होतो.

मूळचा थायलंडकडील बेटा, म्हणजे झुंजार मासा, या जागेस त्यातल्या त्यात योग्य ठरतो, आणि तोही एकटाच. दोन नर एकत्र आले की लढून एकमेकांचे पर फाडतात. त्याच्या डोक्यात कल्ल्यांजवळ घड्यांचे एक खास इंद्रिय असते; त्याच्या योगाने तो पृष्ठभागी येऊन बाहेरची हवा घेतो. मात्र म्हणूनच पाणी व झाकण यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा ठेवावी लागते. पाणी 24 ते 28 अंश उष्ण असावे. माशाचा हट्ट नसेल, तर गोड्या पाण्यातील बारीक कोळंबी, गोगलगायी व वनस्पती एवढ्यांवरही पेटी शोभिवंत होते, आणि तिच्यावर भारही कमी पडतो.

वीज, पंप आणि भारनियमन

पाण्याजवळ वीज आणताना प्रत्येक तार भिंतीतील खोबणीकडे जाण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी. तारेवरून ओघळणारे पाणी मग लोंबत्या टोकाशी गळून पडते, खोबणीत शिरत नाही. जोडणी अशा परिपथावर असावी की, 30 मिलिॲम्पिअर प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज आपोआप तुटेल. हात पाण्यात घालण्यापूर्वी सर्व खटके बंद करावेत.

हवेचा पंप कवचाच्या तळाशी लपविण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. वीज गेली की नळीतून पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने उलट वाहू लागते आणि पाण्याच्या पातळीखाली असलेल्या पंपात उतरते. कधी कधी निम्मी पेटी जमिनीवर रिकामी होते. पंप पातळीच्या वर ठेवावा, अथवा नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप बसवावी. ज्या भागात तासन्‌तास भारनियमन असते, तेथे स्पंजातील जीवाणूंनाही प्राणवायूचा तुटवडा पडतो. वीज आल्यावर स्पंज पेटीतील पाण्यात पिळून मगच पंप सुरू करावा, आणि त्या दिवशी माशास खाद्य देऊ नये.

दर आठवड्यास पंचमांश पाणी बदलावे. नवे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवल्यास त्यातील क्लोरीन बहुतेक निघून जातो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात. म्हणून तूट भरून काढण्यासाठी पावसाचे किंवा उकळून निववलेले हलके पाणी घालावे. खिडकीच्या वरच्या कडेशी पाण्याची रेघ दिसू लागली, म्हणजे ते घालण्यास एक दिवस उशीर झाला असे समजावे.